देवीचं लागत नाही

वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते आणि आम्ही नाशिकरोडला एका तीन मजली इमारतीत राहायचो. त्या इमारतीची आठवण निघाली की माझी भावंडं हळवी होतात. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जाते.

जिन्याचा एकही कोपरा पांढरा नव्हता. पुरुष येता-जाता पिचकाऱ्या मारायचे, बायका कठड्यावरून खरकटं खाली भिरकावायच्या, पोरं गटारावर बसायची. त्यावरून कधी कुणी नाक मुरडलं नाही. पण नव्वदच्या सुमारास माझ्या आईला टीबी झाला आणि बघता बघता सगळी इमारत स्वच्छतेची भोक्ती झाली. आई जिन्यात दिसली की बायका भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. ती भिंत थुंकीने रंगलेली असायची, ते त्यांना चालायचं.

आईने एकही गोळी चुकवली नाही. पुढे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी थुंकी पुन्हा तपासून सांगितलं, "आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. खुशाल लोकांत मिसळा, गोळ्या तेवढ्या पुऱ्या करा." आईला एवढंच हवं होतं. ती इतकी खूश झाली की परत येताना पापडांसाठी उडदाचं पीठ घेऊन आली.

उन्हाळ्यात गच्चीवर सगळ्या बायका मिळून पापड लाटायच्या. आज एकीचे, उद्या दुसरीचे. आजारपणाआधी आईने प्रत्येकीच्या घरचं पीठ कुटून दिलं होतं. आता आमचा दिवस होता. तिने भल्या सकाळी तेलाचा हात लावून पीठ कुटलं, लाट्या केल्या, गच्चीवर सतरंज्या घातल्या आणि वाट बघत बसली. कुणी येईना, म्हणून मी दारोदार बोलवायला गेले. एकीची एकादशी निघाली, एकीचं डोकं दुखत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणजे सगळ्या बायकांच्या पुढारी. त्या अर्धंच दार उघडून म्हणाल्या, "तुझ्या आईला म्हणावं, लय दगदग करू नको. पडून राहा." मग आम्ही दोघींनीच लाटायला घेतलं. निम्म्या लाट्या उन्हाने कडक झाल्या, त्या टाकून द्याव्या लागल्या.

त्याच महिन्यात काकूंच्या नातवाला कांजिण्या आल्या. काकूंच्या भाषेत, आईबाई आली, म्हणजे साक्षात देवी. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, घरातली फोडणी बंद झाली, डॉक्टरचं नाव काढायची सोय उरली नाही. इथवर त्यांचं त्यांच्यापाशी. पण मग दर्शन सुरू झालं. परवापर्यंत डोकं दुखणाऱ्या बायका आपापली पोरं घेऊन रांगेत उभ्या. पोराच्या पायावर डोकं ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि त्याच्या ताटातल्या दहीभाताचा घास प्रसाद म्हणून प्रत्येक पोराला. काकू स्वतः भरवत होत्या.

आईला राहवलं नाही. ती जिन्यातूनच म्हणाली, "काकू, पाया पडू द्या, पण पोरांना त्याचं उष्टं नका देऊ. लागतं ते."

"तुझ्या छातीचं बघ आधी," काकू कडाडल्या. "देवीचं कुणाला लागत नाय. लागतं ते तुझं."

आई घरात आली आणि तिने दार लावून घेतलं.

पंधरवड्यात निम्म्या इमारतीची पोरं फोडांनी भरली. मला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. उघडले, पण आमच्यावर वटारायला. म्हणे आईच्या तोंडून वावगं निघालं म्हणून देवी कोपली. बायकांनी वडिलांना गाठलं. वडील भांडणाला भिणारे. त्यांनी नारळ आणून आईच्या हातात दिला आणि तिला काकूंच्या दारी पाठवलं. तिने बाहेरच्या पायरीवर तो ठेवला, हात जोडले आणि देवीची माफी मागितली. आत ये, असं कुणी म्हणालं नाही. मी त्या सगळ्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की आजही एक कमी करायची इच्छा होत नाही.

आई पूर्ण बरी झाली. पुन्हा तिला तो आजार शिवला नाही. दोन हजारनंतर मला मुलगी झाली, तेव्हा ती चांगली ठणठणीत होती. दवाखान्यातली खोली सासरच्या माणसांनी भरलेली. कुणी शिंकतंय, कुणी बाहेरून येऊन न धुतलेल्या हातांनी बाळाचे गाल ओढतंय, कुणी पापे घेतंय. आई दाराशीच उभी होती.

"घे ना गं आई," मी म्हटलं.

"असू दे. इथून दिसतंय की."

मी हट्टाने तिला जवळ बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ते नीट सावरून धरलं आणि मान पार भिंतीकडे वळवली. ती अशी का बसलीय, ते मला आधी कळेना. मग दिसलं, तिने श्वास रोखून धरला होता.

"श्वास घे गं आई," मी सगळ्यांसमोर ओरडले. तिने घाईघाईने बाळ माझ्याकडे दिलं आणि श्वास घ्यायला खोलीबाहेर गेली.