उतर वं खाली

आमच्या मामांनी कुणाला प्रेमानं "बस" म्हटल्याचं मला आठवत नाही. "उतर" मात्र त्यांनी सगळ्यांना म्हटलं. आईला, मामीला, एकदा तर बाशिंग बांधलेल्या नवरदेवालासुद्धा. त्यांची सगळी नोकरी बसच्या कंडक्टरकीत गेली, आणि निवृत्त झाल्यावर नात्यातल्या प्रत्येक लग्नाची गाडी त्यांच्या ताब्यात आली. आमच्या कामरगावात लोक त्यांना उतरमामा म्हणत, अर्थात पाठीमागे.

लग्न ठरलं की आठ दिवस आधी ते यायचे आणि चहाच्या आधी वही मागायचे. "शिटं किती?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "गाडी कोनाकोनाले लागते?" ज्यांना प्रवासात उलट्या होतात त्यांची ते वेगळी यादी करत आणि निघायच्या दिवशी भर गाडीत मोठ्यानं वाचत. "सुमन, तू खिडकीपाशी जाय. हे घे पन्नी. दुसऱ्याच्या लुगड्यावर कार्यक्रम करू नको." नव्या साडीतली सुमनकाकू मान खाली घालून खिडकीशी सरकायची. तिनं त्यांना कधीच माफ केलं नाही.

आदल्या दिवशी ते गाडी बघायला जायचे, चाकांवर काठी मारायचे आणि ड्रायव्हरशी भांडून यायचे. सातला निघायचं म्हणजे सातला. चाकाखाली नारळ फुटला की गाडीच्या पत्र्यावर हातानं दोन थापा मारायचे. त्या दोन थापांशिवाय गाडी हलत नसे. यादीत स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी लिहायचे, पण त्या जागेवर कुणाचं तरी लेकरू झोपलेलं असायचं आणि मामा वाटभर दारात उभे असायचे.

त्यांच्या बोलण्यात एकच भेद होता. आपल्या माणसाला ते तू म्हणत आणि परक्याला तुमी. बाबा तर त्यांच्या बहिणीचे नवरे, पण त्यांनाही तू. म्हणून घरच्यांना "उतर" आणि बाहेरच्यांना "उतरा".

माझ्या भावाच्या लग्नाला वाशीमच्या कॉलेजातल्या माझ्या दोन मैत्रिणी आदल्या दिवशीच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझ्या घरी कॉलेजातलं कुणी येणं ही माझ्यासाठी किती मोठी गोष्ट होती, हे मला नीट सांगता येणार नाही. सकाळी आम्ही तिघी गाडीत बसलो. मामा वही घेऊन आले.

"ह्या कोन?"

"माझ्या मैत्रिणी आहेत, मामा."

"यादीत हायेत काय?"

मी बाबांना सांगितलं होतं, पण बाबांनी लिहून दिलं नव्हतं. मामांनी वही मिटली. "उतरा बाई दोघीजनी. आन तू बी उतर वं खाली, त्याइले वाशीमच्या जीपीत बसवून दे. पाच मिनिटं हायेत तुयापाशी."

सगळी गाडी बघत होती. मला रडू आलं आणि त्या रडण्यातच मी ओरडले, "मामा, गाडी काय तुमच्या घरची आहे?"

"नाही," ते म्हणाले. "म्हनूनच शिटापरमानं बसवतो."

मैत्रिणी परत गेल्या. त्यातली एक पुन्हा कधी आमच्या घरी आली नाही. त्या दिवसापासून मी मामांशी बोलणं टाकलं. ते घरी आले की मी पुस्तक घेऊन मागच्या खोलीत जायची. ते बाहेरून मुद्दाम मोठ्यानं विचारायचे, "काहून वं, कालेजात मामाले राम राम कराले शिकवत नाहीत काय?" मी पुस्तकाचं पान उलटायची.

दोन वर्षांनी ताईचं लग्न ठरलं. लग्न मुलाकडे, इंझोरीला होतं. तोवर मामांचे गुडघे गेले होते. बाबा मला म्हणाले, "ह्या वख्ती यादी तूच लिव्ह. तू शिकलेली हायेस." मामांचा आईला फोन आला होता. "आता उभं राहनं होत नाही मायाकून. मले बसाले एक शीट ठेवजो म्हन पोरीले." आईनं मला तसं सांगितलं.

मी ते नाव लिहिलं नाही. विसरले, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. ते खरं नाही. मी पस्तीस नावं लिहिली, पस्तीस जागा भरल्या आणि वही मिटली.

लग्नाच्या सकाळी मामा सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या जागेवर बसले होते. गुडघ्यांत काठी, डोक्यावर नवी टोपी. सुमनकाकू आली. "भाऊ, हे माही खिडकी हाय."

"असंन," मामा म्हणाले. "माही कोनती हाय मंग? वाच वं यादी."

मी वाचली. पस्तीसही नावं, शेवटपर्यंत. मग एकदम गलका उठला. "बसा न भाऊ, सरकून बसू. यादीचं काय घेऊन बसले!"

मामा उठले. "यादीत नाही त्यानं गाडीत बसाचं नाही." दांडी धरून, एकेक पायरी थांबत ते खाली उतरले. ताई मांडीवरच्या ओटीसकट उठून दारापर्यंत गेली. "मामा, माझ्या मागं कोण उभं राहील?" त्यांनी तिला हातानंच मागं सारलं आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. ड्रायव्हरनं सवयीनं गाडी काढली.

इंझोरीत भटजींनी तीनदा विचारलं, "मुलीचे मामा कुठं आहेत?" बाबा रस्त्याकडे बघत होते. ताई माझ्याकडे बघत नव्हती. अंतरपाट धरला तेव्हा मांडवाच्या तोंडाशी मामा दिसले. कारंज्याला काळीपिवळी जीप बदलून आले होते. टोपी धुळीनं लाल झाली होती. लंगडत येऊन ते ताईच्या मागं उभे राहिले आणि सगळी मंगलाष्टकं होईपर्यंत उभेच होते. कुणी खुर्ची आणली, ती त्यांनी पायानं सारली.

परतताना मी त्यांची पिशवी उचलली. दोन वर्षांनी पहिल्यांदा बोलले. "मामा, चला. पुढची जागा तुमचीच आहे."

त्यांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. "यादी तुमची हाय, म्याडम," ते म्हणाले. "तुमी बसा."

ते अजूनही आमच्याकडे येतात. आता मी मागच्या खोलीत जात नाही, त्यांच्यासमोर बसते. चहा दिला की म्हणतात, "ठेवा तुमी." कधी काळीपिवळीत दोघांना एकदम जायचं झालं तर मी मुद्दाम पुढच्या, त्यांच्या जागेवर आधी बसून घेते आणि त्या एका "उतर"ची वाट बघते. मामा येतात, बघतात. गुपचूप मागं जाऊन बसतात.