खांबाला आलेला पोक

आमचे हे पाणीखात्यात एकतीस वर्षं नळांचे नकाशे काढत होते. जमिनीखालचे. कुठल्या गल्लीत किती इंची पाइप कुठे वळतो ते तोंडपाठ, पण गल्लीत शेजारी कोण राहतं याचा पत्ता नाही. निवृत्त झाले आणि माझ्या डब्यांच्या रांगा सरळ करायला लागले, तेव्हा मीच हात जोडले. म्हटलं, बाहेर जा, काहीही करा, पण माझ्या स्वयंपाकघरातून निघा.

गेले ते थेट वाचनालयात. तिथे पाटी लावून आले: रविवारी सकाळी मुलांनी आईबापांना घेऊन यावं, आपली गल्ली आपण काढायची. मला वाटलं, काळं कुत्रंही फिरकणार नाही. तिसऱ्या रविवारी तेरा घरं आली. पट्टी आणायची नाही, खोडरबर आणायचं नाही, आधी बघायचं आणि मगच काढायचं, एवढंच ह्यांचं सांगणं. शाळा सुटल्यापासून ज्यांनी पेन्सिल धरली नव्हती ती मोठी माणसं कट्ट्यावर बसून समोरच्या गॅलरीचे गज मोजायची. लाँड्रीवाल्याची सासू स्वतःचं घर काढायला बसली आणि म्हणाली, इतकी वर्षं दाराला दोन पायऱ्या समजत होते, तीन निघाल्या. मीही जायला लागले, चहा न्यायचं निमित्त करून. हे जेवताना गल्लीतल्या माणसांबद्दल भरभरून बोलायचे. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर मला बोलणारा नवरा मिळाला होता, खोटं कशाला सांगू.

एका रविवारी वाचनालयासमोरचा विजेचा खांब कागदावर काढायचा होता. काही तपासायचं असलं की हे डावा डोळा मिटून घ्यायचे. दोन डोळ्यांनी बघायचं आणि एका डोळ्याने मोजायचं, असं मुलांनाही सांगायचे. गवंड्याची आठ वर्षांची मुलगी बापाला घेऊन आली होती. तिचा कागद हातात घेऊन ह्यांनी विचारलं, खांब सरळ का काढलास, मध्ये पोक आहे त्याला. ती म्हणाली, नाही आजोबा, सरळच आहे. ह्यांनी दुसऱ्याचा कागद बघितला, तिसऱ्याचा बघितला. सगळ्यांचे खांब सरळ. ह्यांचा पारा चढला. तुम्ही कोणी बघतच नाही, डोक्यातला खांब काढताय, असं तावातावाने बोलले. कधी आवाज न चढवलेला माणूस. मुलीचे डोळे भरून आले. मी वर बघितलं, तर खांब चांगला सरळ उभा. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. म्हातारा हट्टाला पेटलाय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. सगळ्यांदेखत म्हटलं, "पुरे करा आता. शोभतं का हे?"

गवंडी भला माणूस. नंतर कामावर जायचं म्हणून त्याची हत्यारांची पिशवी सायकलला होतीच. त्यातून त्याने ओळंबा काढला. दोरीला बांधलेलं ते पितळी वजन, भिंत सरळ उठलीय का ते बघायचं. स्टुलावर चढून त्याने दोरी खांबालगत धरली. वजन डुललं आणि हळूहळू थांबलं. बघा काका, तो अदबीने म्हणाला.

ह्यांनी डावा डोळा मिटला आणि बघितलं. चेहरा एकदम उतरला.

"दोरीपण वाकलीये," हे म्हणाले.

खाली वजन लटकत असताना दोरी वाकत नाही, हे त्या पोरीलासुद्धा माहीत होतं, गवंड्याचीच ती. ह्यांनी उजवा डोळा मिटून डाव्याने बघितलं. मग पुन्हा उजव्याने. असं चार-पाच वेळा. शोभतं का म्हणाले होते मी, दोन मिनिटांपूर्वी. मग हे त्या मुलीजवळ गेले आणि तिचा कागद तिला परत दिला.

"तुझं बरोबर आहे. माझं चुकलं."

हे वाक्य मी संसारात कधी ऐकलं नव्हतं. ऐकायला मिळालं, ते हे असं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याचा आतला पडदा मधोमध खराब झालाय. इंजेक्शनं देऊ, आहे तेवढं टिकवू, पण गेलेलं परत येईलच असं नाही. केव्हापासून होतंय, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, कसं कळणार, मी सगळं त्याच डोळ्याने तर तपासत होतो.

घरी आलो आणि मला राहवेना. त्यांच्यासमोर उभी राहिले.

"त्या डोळ्याने मी कशी दिसते?"

ह्यांनी डावा मिटला. बराच वेळ बघत होते.

"खांदे दिसतात. केस दिसतात. तोंडाच्या जागी नुसतं धुरकट."

मी मटकन खाली बसले आणि लहान पोरीसारखी ओक्साबोक्शी रडले. हे उठले, कागद-पेन्सिल घेऊन आले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. जन्मभर नळ काढले या माणसाने, माझं तोंड काढावंसं एकदाही वाटलं नव्हतं.

"रडायचं थांब जरा," म्हणाले, "मला नीट बघू दे."