बाहीतली फट

आईला डायलिसिससाठी साताऱ्याला न्यायचे, तेव्हा बाहेरच्या बाकावर ती भेटायची. वडूजहून पहिल्या एसटीने नवऱ्याला घेऊन येणारी, साठीची बाई. नाव मी कधी विचारलं नाही. चार-चार तास नुसतं बसूनही माणूस किती दमतं, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

ती नवऱ्यासाठी स्वेटर विणायची. आतल्या एसीत त्याला हुडहुडी भरायची आणि नेमका डाव्या हातात सुई टोचायला स्वेटर काढावा लागायचा. म्हणून डाव्या बाहीला लांब फट ठेवून बटणं लावायची होती. मांडीवर मोबाईल, त्यात लेकीनं पाठवलेला व्हिडिओ. चार टाके बघून घालायची, चुकले की ओळ उसवायची.

"आवं ताई, जल्मभर विणताना भोक पडू न्हाई म्हणून जपलं," एकदा डोळे चोळत म्हणाली, "आता मुद्दाम ठेवाय शिकतीया."

महिन्याभरानं बाही जमली. नवरा आत जाताना तिनं फटीवरून दोनदा हात फिरवला.

दिवाळीनंतर पाहिलं, तर ती चांगली विणलेली उजवी बाही उसवत होती.

"डाव्या हाताची शीर बंद पडली," ती म्हणाली. "डॉक्टरांनी आता उजवा हात धरलाय."

मांडीवर मोबाईल नव्हता.

"आता बघाय लागत न्हाई."

'छान जमलं की मावशी' असं म्हणणार होते. त्याऐवजी उसवलेली लोकर गुंडाळायला घेतली.