अर्ध्यावर थांबवलेली कॅसेट

नागपूरहून मामाचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये जेवणाच्या टेबलावर पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. निखिलदादानं फोन घेतला, नुसतं "हं... हं..." केलं आणि ओट्याला पाठ टेकून खाली जमिनीवर बसला. कुमुदमावशी गेली होती. निखिलदादाची आई, माझ्या आईची थोरली बहीण. छातीत बरेच दिवस दुखत होतं म्हणे, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना, तिथला डॉक्टर तिच्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झालेला. तरी नाही सांगितलं. आता काही आठवडे उलटलेत. भेटायला येणारे म्हणतात, "झोपेत गेल्या, भाग्यवान." मला ओरडावंसं वाटतं. ती भीतीनं गेली. आणि ती भीती नागपूरची नव्हती, आमच्या ह्या घरातून ती तिकडे घेऊन गेली होती.

खरं तर मावशी घाबरणाऱ्यांतली नव्हती. वीज मंडळाच्या बिलाच्या खिडकीमागे तिनं उभा जन्म काढला. "अहो, मीटर काय मी घरी येऊन फिरवते का?" हे तिचं वाक्य आमच्या सगळ्या घराला पाठ. २००२ मध्ये ती नातीला, रियाला, सांभाळायला इथे आली आणि महिन्याभरात निखिलदादाची नोकरी गेली. वर्क व्हिसावरच्या माणसाची नोकरी जाते म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. नोकरीबरोबर ह्या देशात उभं राहण्याचा हक्कही जातो. त्याला दुसरी मिळाली, पण घरातली भीती काही गेली नाही. फोनवर हळू बोलायचं, शेजाऱ्यांशी वाद घालायचा नाही, आणि आजारी तर अजिबात पडायचं नाही. मावशीला ब्लडप्रेशर होतं, आणि तिच्यासाठी काढलेला विमा आधीपासूनच्या आजाराला चालत नव्हता. निखिलदादानं हे समजावून सांगितलं तेव्हा ती हसली. "म्हणजे मला इथं काही व्हायलाच नको. सोपं आहे." मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचे, जवळच्या युनिव्हर्सिटीत शिकायचे आणि उरलेल्या वेळात इंडियन ग्रोसरीच्या दारात पत्रकं वाटायचे... आधी दवाखाना, कागद नंतर, हे आमच्या गटाचं म्हणणं. लोक पत्रक घ्यायचे आणि कुणी पाहत नाही ना ते बघून खिशात कोंबायचे. मावशी म्हणायची, "आली आमची पत्रकवाली! भांडी कुणी घासायची त्यावरपण एक छाप ना बाप्पा."

तिचा दिवस उजाडायचा तो बुधवारी. खालच्या मजल्यावर ल्युबित्सा नावाची सर्बियन बाई मुलाकडे राहायची, मावशीच्याच वयाची. मावशीची ती ल्युबाबाई. तिची बहीण बेलग्रेडहून टीव्हीवरच्या मालिका टेप करून कॅसेटी पाठवायची, पण तिकडची कॅसेट इथल्या मशीनवर लावली की पडद्यावर नुसत्या करड्या रेघा यायच्या. आपल्याकडच्या लग्नाच्या कॅसेटींचं तेच व्हायचं, म्हणून निखिलदादानं दोन्हीकडच्या कॅसेटी चालणारा व्हीसीआर घेतलेला. ही बातमी इमारतीच्या लाँड्रीत मावशीनं ल्युबाबाईला दिली, मोडक्या इंग्रजीत आणि खाणाखुणांनी, आणि त्या बुधवारपासून ल्युबाबाई लांब दांड्याचं कॉफीचं भांडं घेऊन वर यायला लागली. मालिका होती डोंगरातल्या एका छोट्या स्टेशनच्या मास्तरची. गाड्या कमी, नातेवाईक फार. ल्युबाबाई म्हणायची, ही लागली की आमच्याकडे रस्ते ओस पडायचे. मावशीला त्या भाषेचं अक्षर कळत नव्हतं, पण मला ती छातीठोकपणे कथा सांगायची. "हा मेव्हणा. यानं मास्तरची जमीन लाटली." एकदा मी ल्युबाबाईला विचारलं, तर तो दातांचा डॉक्टर निघाला. मावशी अजिबात वरमली नाही. "असेल. पण बघ ना चेहरा, जमीन लाटणाराच आहे तो."

मालिका संपून वर्षं झाली होती. मग ती बनवणाऱ्यांनीच शेवट करायचा म्हणून टीव्हीसाठी एक अख्खा सिनेमा काढला, आणि त्याची कॅसेट आली. त्या बुधवारी मावशीनं शिरा केला होता, ल्युबाबाई चांगला ब्लाउज घालून आली होती, रिया दोघींच्या मध्ये बसली होती. सिनेमात स्टेशन बंद व्हायचं असतं. शेवटची गाडी यायच्या दिवशी म्हाताऱ्या मास्तरच्या छातीत दुखायला लागतं आणि तो कोटात हात घालून छाती दाबून धरतो, बायकोला कळू नये म्हणून. मी पडद्याकडे बघत होते. ल्युबाबाई बघत होती मावशीकडे. एकदम तिनं कॅसेट थांबवली.

"कुमुदा. यू सेम."

मावशीचा हात पदराआड होता. चेहरा घामानं भिजलेला. "काही नाही गं," ती मला म्हणाली, "शिरा जड झाला. लाव पुढं."

ल्युबाबाईनं फोन उचलला. मावशीनं वायर धरून ओढली. दोन म्हाताऱ्या बायका एका वायरीला धरून उभ्या, आणि रिया मोठ्यानं रडतेय... मी वायर सोडवली आणि नंबर फिरवला. सायरन जवळ आला तशी ल्युबाबाईनं डोळे मिटून कान दाबले. याच देशाच्या विमानांनी त्याच्या चारच वर्षं आधी तिच्या गावावर बॉम्ब टाकले होते, तेव्हापासून तिला तो आवाज सहन होत नव्हता. आणि तरी फोन आधी उचलला होता तिनंच.

ॲम्ब्युलन्सची माणसं चांगली होती. त्यांनी विचारलं, दुखतंय का, किती वेळ झाला. मावशीला इंग्रजी येत होतं, पण त्या क्षणी ती फक्त मराठीत बोलली, आणि फक्त माझ्याशी. "सांग त्यांना, गॅस झालाय. सांग, मी सही करते, न्यायचं नाही मला. अगं, निखिलला भरायला लावतील गं सगळं. सांग ना!" पोरीसारखी गयावया करत होती. खिडकीवर शंभर माणसांना गप्प करणारी बाई. ते दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते, ती काय म्हणतेय म्हणून. मी म्हटलं, तिच्या छातीत दुखतंय आणि ती घाबरलीय. तिला सगळं समजलं. स्ट्रेचरवर तिनं तोंड दुसरीकडे वळवलं.

ती वाचली. हॉस्पिटलनं काम चोख केलं आणि त्याचं बिलही चोख पाठवलं. निखिलदादा हप्ते बांधून आला. रोज रात्री टेबलावर आकडेमोड करत बसायचा, तेवढ्यावरून आईला कळलंच. नागपूरला परत जायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता मावशी मला म्हणाली, "तू मला वाचवलंस आणि माझ्या पोराला बुडवलंस." आवाज चढवून नाही, मीटरचं रीडिंग सांगावं तशी. मी खूप वाद घालू शकले असते. पत्रकावर हे सगळं लिहिलेलं असतं, कुणाचा दोष, कुणाचा नफा. मी तिच्या साड्यांच्या घड्या घालून बॅगेत ठेवत राहिले.

नागपूरहून ती फोन करायची. पहिलं रियाचं, मग हप्त्यांचं. एकदा म्हणाली, "त्या मास्तरचं काय झालं गं?" मी म्हटलं, आम्ही पुढं पाहिलंच नाही, ल्युबाबाई म्हणते कुमुदाशिवाय नको. "नकाच बघू. मेला असेल तर तुझ्या आवाजावरून कळेल मला." तब्येतीचं विचारलं की म्हणायची, ठणठणीत. मामाच्या घरात राहून मामालाही हेच सांगत होती. तिथे तिला कुणी बिल पाठवणार नव्हतं. पण एकदा दुखणं लपवायला शिकलेलं माणूस, जागा बदलली म्हणून ते विसरत नाही... हे मला ती गेल्यावर कळलं, आणि तेव्हापासून मला रोज भीती वाटते.

मागच्या रविवारी दुपारी ल्युबाबाई वर आली. म्हणाली, आता बघू या. मी कॅसेट पुढे चालू केली. मास्तर रुळांपाशी कोसळतो. भांडणारे सगळे नातेवाईक त्याला रुळांवरच्या हातट्रॉलीवर घालतात आणि एकमेकांना शिव्या देत ढकलत गावात नेतात. डॉक्टर घरच्या चपलांत धावत येतो, मास्तरला झापतो, सदरा फाडतो. मास्तर वाचतो. ल्युबाबाई रडत हसत होती. मी कॅसेट मागे नेली आणि तो प्रसंग पुन्हा लावला. मग पुन्हा.

"व्हॉट यू लुक?" ल्युबाबाईनं विचारलं.

मी म्हटलं, त्याला तपासायच्या आधी कुणी काही विचारतं का, ते बघतेय. कार्ड, विमा, कोण भरणार... तिला प्रश्नच कळला नाही. "ही इज सिक," ती म्हणाली, मला समजत नाहीये असं वाटून हळूहळू. "ही इज सिक, सो डॉक्टर."

तेवढ्यात आतल्या खोलीतून दबका आवाज आला. निखिलदादा आणि वहिनी बाहेर गेले होते, घरात मी आणि रियाच. मी दार ढकललं. पाच वर्षांची पोरगी पलंगावर पालथी, उशीत तोंड खुपसलेलं, आणि पाठ हलत होती. खोकत होती ती, उशीत, बाहेर ऐकू येऊ नये म्हणून. मी तिला उचललं तर अंग भाजत होतं.

"कधीपासून गं?"

"आय ॲम नॉट कॉफिंग," रिया म्हणाली. "प्लीज बाबाला सांगू नको."

हे तिला कुणीही शिकवलेलं नाही. मावशीनंही नाही. ल्युबाबाई दारात येऊन उभी राहिली, तिनं माझ्याकडे पाहिलं, रियाकडे पाहिलं आणि काही न विचारता पोरीचे बूट शोधायला लागली.