पाताळातले डाळिंबाचे दाणे

राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरची कचेरी भोपाळला हलली, तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर नरहर पिंपळखुटेही हलला. कारकुनाला कोण विचारतो? दोन वर्षं झाली, पण त्याचा जीव इथे रुजला नाही. अमरावतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची जागा मिळण्यासारखी होती. त्यासाठी एम.ए. व्हायला हवं होतं. इंग्रजी कवितेत पानोपानी ग्रीक देव डोकावत, आणि त्याच पेपरात तो दोनदा आपटला होता. तिसऱ्यांदा फॉर्म भरायची मुदत उद्या संपणार होती, आणि अंगात त्राण उरलं नव्हतं.

संध्याकाळी त्याची बायको लीलावती तांदूळ निवडत बसली, की तो तिला कथा सांगून पाठ करी. पोथी ऐकावी तशी ती हुंकार देई. आज पर्सेफनीची पाळी होती.

"पाताळाच्या राजानं पर्सेफनीला पळवलं. तिची आई पिकांची देवी, तिनं आकांत केला, शेतं वाळली. शेवटी सुटका ठरली, पण पोरीनं तिथले डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, आणि पाताळातलं अन्न खाल्लं की कायमची सुटका नाही. म्हणून वर्षातले काही महिने तिला पाताळात परतावंच लागतं."

"मग माहेरी आल्यावर तिला पाताळाची आठवण येत असेल का हो?"

"असं कुठे लिहिलेलं नाही."

"तुम्हाला पेपरात तेच विचारत असतील. तुम्ही आपले कोणाचा बाप कोण, ते लिहून येता. देव म्हणजे काय तुमच्या फायली आहेत?"

नरहर हसला नाही. दोन्ही वर्षी त्यानं देवांच्या वंशावळ्याच पानभर उतरवल्या होत्या. मग त्यानं दौत ओढली आणि फॉर्मवर नाव लिहिलं.