अंगणात चालवलेली बोट

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या वडिलांनी बँकेच्या लिलावात सहा माणसांची फायबरची बोट विकत घेतली. वडील दिंडोरी तालुक्यात द्राक्षं पिकवतात. बोट आधी एका रिसॉर्टची होती. हप्ते थकल्यावर बँकेने ती ओढून आणून अंबडच्या एका शेडमध्ये ठेवली होती.

बोट हवी होती ती आत्यासाठी. वडिलांची ही थोरली बहीण धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या वस्तीवर राहते. तिच्या ओट्यावरून आमची बाग दिसते, पण रस्ता सगळ्या पाण्याला वळसा घालून येतो आणि तो खड्ड्यांचा आहे. मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला त्या रस्त्याची मनाई केली. तेव्हापासून भाऊबीजेला वडीलच तिच्याकडे जात. "एकदा माहेरात ओवाळू दे, भाऊ," असं ती फोनवर म्हणाली. त्यानंतर वडील लिलावाच्या जाहिराती वाचू लागले.

पाहणीच्या दिवशी मी सोबत होतो. वडिलांनी बोटीभोवती फेरी मारली, खाली वाकून बुडावर टकटक केली आणि विचारलं, "इंजिन किती तास चाललंय?"

"बाबा, आम्ही कर्ज देतो, आणि नाही फेडलं की ओढून आणतो. मधलं आम्हाला माहीत नसतं," बँकेचा अधिकारी म्हणाला. "जसं आहे तसं, जिथं आहे तिथं. चालू करून बघता येणार नाही."

"पोरगी बघायला गेलो तरी चार प्रश्न विचारू देत्यात, साहेब."

लिलाव ऑनलाइन होता. नाशिकला माझ्या घरी लॅपटॉपसमोर आम्ही बसलो. शेवटच्या मिनिटांत कोणी बोली वाढवली की वेळही वाढत होती. समोर एकच बोलीदार उरला होता. वडील स्क्रीनला हात जोडून म्हणाले, "बस कर ना बाबा आता." त्याने पुढची बोली लावली नाही.

बोट द्राक्षाच्या ट्रॉलीतून गावी आली. आमच्याकडे नवा ट्रॅक्टर आला की पूजा होते, नारळ फुटतो आणि सगळ्यांना पेढा मिळेपर्यंत इंजिन चालू ठेवतात. वडिलांनी बोटीचंही तसंच केलं. गल्ली मोठी आहे. पेढे संपायच्या आत इंजिनातून धूर आला आणि ते बंद पडलं.

नाशिकहून मेकॅनिक आला. "काका, हे इंजिन खालून पाणी ओढून गार होतं. तुम्ही कोरडंच चालवलं. पाणी ओढणारा रबरी पंखा वितळलाय."

"मग बँकेनं सांगाया नको?"

"काय काय सांगायचं बँकेनं?" आई म्हणाली. "बोट पाण्यात घालत्यात, हे पण?"

पंखा बाहेरून मागवावा लागणार होता. दिवाळीच्या आत तो येईल याची खात्री मेकॅनिकने दिली नाही.

भाऊबीजेच्या दिवशी पंखा आलेला नव्हता. वडिलांनी इंजिन उतरवलं आणि गावातल्या एका मच्छीमाराला वल्ह्यांसह सोबत घेतलं. परवानगी पाटबंधारे खात्याकडून आधीच मिळाली होती. मीही बोटीत होतो.

आत्या काठावर तयार होती. मागच्या बाजूकडे बघून तिने विचारलं, "मशीन कुठंय?"

"दुरुस्तीला."

"नवी वस्तू अन् दुरुस्तीला?"

"बस ना, अक्का. तुझ्या मणक्याला याच्यात एक धक्का लागणार नाय."

नऊवारीवर नारंगी जॅकेट चढवून घेताना आत्या दोनदा हसली. मग बसली. मच्छीमार आणि वडील वल्हवत होते. निम्म्या पाण्यात वडिलांना दम लागला.

"सरक, मी मारते," आत्या म्हणाली.

"गप बस. पाहुणी हाय तू."

"माहेरात कसली पाहुणी?"

वल्हं मी घेतलं. बोट आमच्या बागेखालच्या काठाला लागली. आईने आत्याच्या पायांवर पाणी घातलं. संध्याकाळी आत्याने वडिलांना आमच्या ओसरीत ओवाळलं. ती तुळशीच्या लग्नापर्यंत राहिली.