लादीवर नाल

आमच्या घरात बाहेरचे बूट चालत नाहीत. आखातातल्या अल मनखूलमधल्या या फ्लॅटमध्ये एसी दुरुस्त करायला येणारा माणूससुद्धा आता न सांगता दारात बूट काढतो. या नियमाला सूट एकच: दुकानातून आणलेले कोरे बूट. ते घालून हॉलमध्ये दोन फेऱ्या मारायच्या, चावत नाहीत ना ते बघायचं. हे मला लहानपणी आईनंच शिकवलं. त्यापायी तीच एक दिवस हाडं मोडून घ्यायला निघेल, हे कुठं ठाऊक होतं!

पुण्याला न्हाणीघरात पडून आईचा खुबा मोडला होता. आत स्टीलचा गोळा बसवला. पुन्हा पडल्या तर अंथरूण धरतील, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते वाक्य आईपेक्षा मीच जास्त मनावर घेतलं. तिला इकडे आणलं. पाय अडकू नये म्हणून गालिचे गुंडाळून ठेवले. बाथरूममध्ये दांडे बसवले. ती उठली की मी उठायचे. वर्षभर ती भिंत धरूनच चालली.

डिसेंबरात जॉर्जियाला जायचं ठरलं. आम्ही बर्फातल्या पायवाटेवर फिरणार आणि आई हॉटेलच्या खिडकीतून बघणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं. माझी लेक इथंच वाढलेली आणि आजीची बिनपगारी वकील. तिनं मला न विचारता आजीसाठी बूट मागवले, आणि त्यांच्यावर चढवायचे काटे. रबराची चौकट ताणून बुटावर बसवायची, तळाशी साखळ्या आणि त्यांना पोलादी दात. गोठलेल्या वाटेवर ते रुततात.

बर्फात रुततात. लादीवर नाही.

शुक्रवारी ऑफिस लवकर सुटतं. दुपारी मी दार उघडलं. लादी नुकतीच पुसलेली, अजून ओली होती, आणि हॉलच्या मधोमध आई उभी होती. पायांत नवे बूट, बुटांवर काटे. हाताशी ना भिंत, ना खुर्ची. किर्र आवाज झाला आणि तिचा डावा पाय वीतभर सरकला.

"हलू नकोस," मी म्हणाले. ओरडले नाही, ती दचकली असती.

"अगं, कोरे आहेत," आई घाईघाईनं म्हणाली. "बाहेर घातलेच नाहीत मी."

तिला वाटलं, मी बुटांवरून चिडलेय! आणि मला पटावं म्हणून ती पाय उचलून तळवा दाखवायला लागली.

"पाय खाली!"

लेक स्वयंपाकघरातून आली. "ममा, रिलॅक्स. शी जस्ट वॉन्टेड टू ट्राय."

"तू एक शब्द बोलू नकोस. खलास. आहेस तिथंच थांब."

मला धावत जायचं होतं. पण ओल्या लादीवर मीच घसरले असते तर तिला घेऊनच पडले असते. हाताशी सोफ्यावरची गोधडी होती, आईनं नातीसाठी शिवलेली. ती पसरून मी आईच्या पायांपर्यंत सरकवली.

"हिच्यावर पाय ठेव."

"गोधडीवर? बूट घालून?"

"आई!"

"अंगावर घ्यायची वस्तू आहे ती. खिळेवाल्या पायांनी..."

तेवढ्यात तिचा उजवा पाय सुटला. हात हवेत गेले. कशीबशी ती सावरली, आणि सावरल्यावर या बाईनं काय करावं? दोन्ही हात जोडून गोधडीला नमस्कार केला. मगच पाय ठेवला.

दात कापडात रुतले. दुसरा पाय आला. आईनं टाच आपटून बघितली.

"अगं, धरतंय की! घोड्याला नाल ठोकतात तसं."

ती गोधडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, वळली, परत आली. वर्षभरात पहिल्यांदाच, काही न धरता. मी ओल्या लादीवर बसून रडले आणि रडता रडता दोघींना शिव्या घातल्या.

"हॉटेलात बसणार नाही मी," काटे काढत आई म्हणाली. "खिडकी पुण्यालाही आहे."

जॉर्जियातली वाट आरशासारखी गोठली होती. लेक पुढे होती. आम्हा दोघींच्याही बुटांना काटे होते, तरी मी आईचा दंड घट्ट धरला होता. पावलागणिक "हळू, हळू" चालू होतं. उतार लागला तशी आई थांबली.

"तू थरथरतेयस."

"थंडी आहे."

"थंडी नाही. मला धरून तू उभी आहेस. सोड, नाहीतर दोघी पडू."

एकेक बोट उचलत मी हात सोडला. ती उतरू लागली, बेतानं, कर्र कर्र आवाज करत. मला मात्र पाऊल उचलवेना. घसरून पडलेल्या बायका डोळ्यांपुढे यायला लागल्या, आणि त्यांतली एकही आई नव्हती. सगळ्या मीच होते.

दहा पावलांवर आईनं मागं वळून बघितलं.

"हलू नकोस," ती म्हणाली, आणि मला न्यायला तो उतार परत चढून आली.